काट्याआधी वजन घ्या

अंबाजोगाईहून एका मुलानं विचारलंय: "काका, मी दहा मीटर एअर पिस्तूलचा सराव करतो. अमेरिकेतले लोक पिस्तुलाची काडतुसं घरीच भरतात आणि प्रत्येक काडतुसाची बारूद काट्यावर तोलतात, असे व्हिडिओ बघितले. त्यावरून छर्रे तोलून वेगळे करायचं ठरवलं. ०.००१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा बाराशे रुपयांना ऑनलाइन मागवला. पण एकच छर्रा एकदा ०.५३१ दाखवतो, मग ०.५२७, मग ०.५३६. काटा खराब निघाला का? पाच हजारांत भरवशाचा काटा कोणता?"

मी लातूरला काटे दुरुस्त करतो. गंजगोलाईजवळ वडिलांनी दुकान टाकलं, त्यांच्या हाताखाली शिकलो, आणि आता तीस वर्षं झाली. आडतीवरचे तूर-सोयाबीनचे मोठे काटे येतात, किराणा दुकानातले येतात, आणि सराफांचे येतात. तुमचा प्रश्न सराफी काट्यांच्या घरातला आहे. नेमबाजीतलं मला फारसं कळत नाही. पण अर्ध्या ग्रॅमची वस्तू भरवशानं कशी तोलायची, हे माझं रोजचं काम आहे.

आधी कायद्याचं एक वाक्य, कारण ते व्हिडिओ बघून कुणी भलतं काही करायला नको. आपल्याकडं काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि शस्त्र अधिनियम १९५९ नुसार ते विनापरवाना करणं गुन्हा आहे. तुमचा एअर पिस्तूलचा छर्रा म्हणजे नुसता शिशाचा तुकडा, त्यात बारूद नसते, त्यामुळे तो तोलण्यात काही अडचण नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंत, कोणता काटा घेऊ. मला वाटतं, खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला किती फरक ओळखायचाय, आणि काट्यानं दाखवलेला फरक छर्‍याचा आहे की काट्याचाच, हे तुम्हाला कळणार कसं? याचं उत्तर कोणत्याही कंपनीच्या नावात सापडत नाही. ते एका छोट्या वजनात सापडतं. पाचशे मिलिग्रॅमचं खात्रीचं वजन जवळ नसेल, तर पन्नास हजारांचा काटाही तुम्हाला नुसते आकडे दाखवेल. ते वजन जवळ असेल, तर बाराशेच्या काट्याकडूनही बरंच काम काढून घेता येतं.

किती फरक ओळखायचा, ते आधी बघू. काडतुसं भरणारे ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आपल्या जुन्या लोकांना हे माप परकं नव्हतं. इंग्रजी अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. त्या हिशोबानं एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त भरते. (आज सराफ दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात, तो हिशोब वेगळा.) पिस्तुलाच्या काडतुसात बारूद असते ती साधारण चार-पाच ग्रेनच्या आसपास, म्हणजे तीन गुंजांहूनही कमी. त्यात ग्रेनच्या दहाव्या भागाचा, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमचा फरक त्यांना ओळखता यावा लागतो. तिथं काटा चुकला तर नेम चुकण्यावर भागत नाही, पिस्तूल हातात फुटू शकतं. म्हणून ते लोक काट्याच्या बाबतीत इतके काटेकोर असतात. तुमची गरज तितकी जिवावरची नाही, हे लक्षात असू द्या.

तुमचा छर्रा ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे ८.१८ ग्रेनचा. एकाच डब्यातल्या दोन छर्‍यांत समजा पाच मिलिग्रॅमचा फरक निघाला, म्हणजे जवळपास एक टक्का. त्यानं नेमावर काय होतं? एअर पिस्तूलचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास जातो. दहा मीटरला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. वजन एक टक्का वाढलं आणि हवेचा जोर तोच राहिला, तर वेग साधारण अर्धा टक्का घटतो आणि छर्रा आणखी ०.२ मिलिमीटर खाली लागतो. एअर पिस्तूलच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं. म्हणजे पाच मिलिग्रॅमच्या फरकानं तुमचा दहाचा नऊ व्हायचा, तर छर्रा आधीच अगदी काठावर लागलेला असायला हवा. एअर रायफलवाल्यांचं दहा अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचं असतं, त्यांचा हिशोब वेगळा.

मग तोलूच नये का? तोला. पण डब्यातून बिघडलेले छर्रे बाजूला काढण्यासाठी तोला. तयार होताना शिसं कमी पडलेला, भलताच हलका छर्रा वजनात लगेच सापडतो. एक-दोन मिलिग्रॅमवरून डबे लावत बसण्यात वेळ घालवू नका, तो वेळ सरावाला द्या. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये ब्राँझ आणणारे स्वप्नील कुसाळे आपल्याच राज्यातले, कोल्हापूर जिल्ह्यातले. त्यांचा प्रकार तुमच्याहून वेगळा, पन्नास मीटर रायफलचा. पण सराव दोघांनाही सारखाच लागतो.

तर गरज ठरली: अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूत तीन-चार मिलिग्रॅमचा फरक खात्रीनं दिसला पाहिजे. ०.०१ ग्रॅमचा काटा इथं कामाचा नाही, कारण त्याची एक पायरीच दहा मिलिग्रॅमची. ०.००१ चा लागेल. तुमच्याकडं तो आहे. पण तो एकाच छर्‍याला नऊ मिलिग्रॅमचे हेलकावे देतोय, म्हणजे आज तरी तो ०.०१ च्या काट्याइतकाच कामाचा. शेवटचा आकडा पडद्यावर दिसतो, म्हणून तो खरा असतो असं नाही. काट्याच्या धंद्यात गिर्‍हाईक सर्वांत जास्त फसतं ते इथं.

हे सराफी काट्यावरून सांगतो. वैधमापनशास्त्राच्या, म्हणजे सरकारी वजन-मापांच्या नियमांत काट्यांचे चार वर्ग आहेत, आणि सराफी काटा दुसर्‍या वर्गात येतो. त्याच्या पाटीवर 'मॅक्स' आणि 'मिन'च्या शेजारी 'ई' आणि 'डी' अशी दोन अक्षरं असतात. 'डी' म्हणजे पडद्यावर दिसणारी सगळ्यात लहान पायरी. 'ई' म्हणजे पडताळणी ज्या पायरीवर होते ती. बर्‍याच सराफी काट्यांवर डी एक मिलिग्रॅम आणि ई दहा मिलिग्रॅम असतो. पडताळणीच्या वेळी कमी वजनाला अर्ध्या ई-पर्यंत चूक चालते, म्हणजे पाच मिलिग्रॅम. वापरातल्या काट्याला त्याच्या दुप्पट. दरवर्षी स्टॅम्पिंग झालेला, शिक्का असलेला काटासुद्धा शेवटच्या आकड्याची हमी देत नाही, हे गिर्‍हाइकाला सांगितलं की ते चकित होतं. सोन्याच्या व्यवहाराला तेवढं पुरतं, कारण तिथं ग्रॅममध्ये माल असतो. तुमचा माल अर्ध्या ग्रॅमचा. तुम्ही घरी सरावासाठी तोलताय, व्यापार करत नाही, म्हणून स्टॅम्पिंगची सक्ती तुम्हाला नाही. पण मग खात्री करण्याचं काम तुमच्यावरच येतं.

वडील दोन पारड्यांच्या काट्यावर शिकलेले. गिर्‍हाइकाचा काटा हातात आला की आधी रिकामी पारडी बघायचे. दांडी एका बाजूला झुकली तर झुकलेल्या पारड्याखाली पासंग शोधायचे, पत्र्याचा तुकडा नाहीतर डिंकानं चिकटवलेला दोरा. मग एका पारड्यात वजन, दुसर्‍यात माल ठेवून काटा सरळ करायचे आणि दोन्हींची अदलाबदल करायचे. दांडीच्या दोन्ही भुजा सारख्या असतील तर काटा पुन्हा सरळ राहतो. नसतील तर लगेच कळतं. रिकामा सरळ दिसणारा काटाही भुजा लहान-मोठ्या असतील तर खोटं तोलतो, हे मला त्यांनी असं हातानं दाखवलं. काट्याला विचारून काही कळत नाही, त्याला पकडावं लागतं, असं ते म्हणायचे. डिजिटल काट्यालाही तसंच पकडावं लागतं.

यासाठी वजन. पाचशे मिलिग्रॅमचं एफ-१ वर्गाचं वजन घ्या, त्याची चूक ०.०८ मिलिग्रॅमपर्यंतच असते. एफ-२ घेतलं तर पाव मिलिग्रॅमपर्यंत, तेही तुम्हाला चालेल. एम-१ मध्ये ती ०.८ मिलिग्रॅमपर्यंत जाते, तुमच्या कामाला ते नको. हे वजन म्हणजे पाच कोनांचा पातळ पत्रा असतो, एक टोक वर वळवलेला. ते टोक चिमट्यानं धरायचं, बोटानं कधीच नाही. बोटाचा घाम आणि तेल अशा पत्र्यावर सहज चिकटतं आणि वजन कायमचं बदलतं. त्याच्या जोडीला तुमच्या काट्याच्या पुस्तिकेत लिहिलंय त्या मापाचं, बहुधा वीस ग्रॅमचं, कॅलिब्रेशन वजन, म्हणजे ज्यावर काटा लावून घ्यायचा ते. दोन्ही डबीत ठेवा. नाणं ठेवून तपासतात लोक. २०११ नंतरचं एक रुपयाचं स्टीलचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, २०१९ नंतरचं ३.०९ ग्रॅमचं. हातोहाती फिरलेलं नाणं झिजतं आणि मळतं, त्यामुळे काटा अगदीच वाया गेलाय का एवढं त्यावरून कळतं. मिलिग्रॅम तपासायला नाणं कामाचं नाही.

या वजनाचं महत्त्व मला माझ्या चुकीतून कळलं. नवीन असताना एका सराफाचा काटा मी दुकानातल्या जुन्या पितळी वजनावर कॅलिब्रेट करून दिला. त्या वजनाची कड घासलेली होती. काटा अगदी स्थिर, शून्यावर परत येणारा, देखणा चालत होता, आणि प्रत्येक तोल चुकीचा दाखवत होता. चार दिवसांनी त्या माणसानं दुसर्‍या दुकानातल्या काट्यावर तोच दागिना ठेवला तेव्हा उघड झालं. मी जाऊन माफी मागितली, नवीन वजनपेटी आणली, आणि त्या दिवसापासून माझी वजनं वेळेवर तपासून घेतो. कॅलिब्रेशन म्हणजे काट्याला शिकवणं. खोट्या वजनावर शिकवलं तर तो पाठ केल्यासारखं खोटंच सांगणार.

दुसरी गोष्ट, काटा जिथं वापरायचा तिथंच कॅलिब्रेट करा. डिजिटल काटा खरं तर भार मोजतो, आणि गुरुत्वाकर्षण सगळीकडं सारखं नसतं. दिल्लीच्या अक्षांशावर ते जास्त, आपल्याकडं बालाघाटच्या डोंगरावर कमी. दिल्लीत लावलेला काटा लातूरला तसाच वापरला तर १०० ग्रॅमला सुमारे ८० मिलिग्रॅम कमी दाखवतो. दोन पारड्यांच्या काट्याला हा त्रास नाही, कारण तिथं दोन्ही बाजूंना ओढ सारखीच असते. तुमच्या अर्ध्या ग्रॅमला हा फरक अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, पण घरी आल्यावर एकदा कॅलिब्रेट करायला काय हरकत आहे?

आता तुमचा काटा नऊ मिलिग्रॅम का हेलकावतोय, ते बघू. मला ना तुमची खोली दिसते ना टेबल, म्हणून अंदाज सांगतो. दहांतल्या सात तक्रारींत मला काट्याऐवजी जागाच बिघडलेली सापडते.

पहिला संशय पंख्याचा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत पंखा बंद करा म्हणणं जड जातं, पण पंख्याच्या वार्‍यात मिलिग्रॅम तोलता येत नाहीत. काट्याचं झाकण बंद करूनच आकडा वाचा, आणि तोलण्यापुरता पंखा बंद ठेवा. कूलरसमोर तर नकोच. दुसरा संशय टेबलाचा. उदगीरच्या एका सराफाचा काटा फक्त दुपारी चुकायचा. जाऊन बसलो तर दिसलं की काटा काचेच्या काउंटरवर, आणि दुपारी गर्दी झाली की गिर्‍हाईक काचेवर कोपर टेकवून दागिने बघतं. काच केसभर वाकली तरी काट्याची पातळी बदलते. काटा भिंतीत बसवलेल्या कडाप्प्याच्या फळीवर नेला, तक्रार संपली. तुमच्याकडं असा कडाप्प्याचा ओटा असेल तर तो उत्तम. प्लॅस्टिकचं स्टूल, पलंग, लाकडी डळमळता टेबल नको. खिडकीतलं ऊन काट्यावर पडू देऊ नका.

तिसरा, काटा थंड. चालू केल्या केल्या तोलायला घेतलं तर आकडा सरकत राहतो. अर्धा तास चालू राहू द्या, मग शून्य करा. बॅटरी उतरत आली तरी आकडा भटकतो. लाइट जाऊन इन्व्हर्टरवर आल्यावर अ‍ॅडॅप्टरवरचा काटा कधी कधी चुळबुळतो, तेव्हा नव्या सेलवर चालवलेला बरा. मोबाइल काट्याशेजारी ठेवू नका.

चौथा, हिवाळ्यातली कोरडी हवा. छर्रे प्लॅस्टिकच्या झाकणात ठेवून तोलत असाल तर त्या झाकणावर विजेचा भार साठतो आणि ते काट्याच्या झाकणाकडं ओढलं जातं. आकडा हळूहळू सरकत राहिला तर समजा हेच. स्टीलची अगदी छोटी वाटी घ्या.

आणि पाचवा, जो कुणी सांगत नाही. बहुतेक डिजिटल काटे शून्य धरून ठेवतात. पडद्यावर शून्य असताना आकडा थोडासा सरकला तर काटा स्वतःच त्याला शून्य म्हणतो, म्हणजे पडद्यावर शून्य स्थिर दिसावं. औशाकडचा एक सोनार काटा घेऊन आला. "मिस्तरी, काटा सोनं खायलाय," म्हणाला. तो कानशीची भुकटी ब्रशनं चिमूट चिमूट पारड्यात सोडायचा. मी त्याच्यासमोर पतंगाच्या कागदाचे बारीक तुकडे केले आणि एकेक करून पारड्यात टाकले, मध्ये थोडं थांबत. पाच तुकडे टाकले तरी पडदा ०.०००. ते सगळे उचलले, शून्य केलं आणि एकदम टाकले. ०.०१४. त्याचं सोनं कुठंच गेलं नव्हतं, काट्यानं प्रत्येक चिमूट शून्यात जमा केली होती. बारूद थेंब थेंब सोडणार्‍यांनाही हाच धोका असतो. तुम्ही छर्रा एकदम ठेवता, म्हणून तुम्हाला हा त्रास कमी. पण आधीचा छर्रा उचलल्यावर पडदा खरंच ०.००० वर आला का, ते बघितल्याशिवाय पुढचा ठेवू नका. शून्याच्या आसपासचा हा घोळ टाळायचा तर पारड्यात पाच-दहा ग्रॅमची वाटी कायम ठेवा आणि टेअर करून, म्हणजे वाटीसकट आकडा शून्य करून तोला. पण बर्‍याच काट्यांत टेअरच्या शून्यालाही काटा तसंच धरतो, तेव्हा कागदाच्या तुकड्यांनी एकदा तपासून घ्या.

एवढं झालं की परीक्षा घ्या. पाचशे मिलिग्रॅमचं वजन चिमट्यानं पारड्याच्या मधोमध ठेवा, आकडा लिहा, उचला, शून्य बघा, पुन्हा ठेवा. असं दहा वेळा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात किती अंतर पडलं? दोन मिलिग्रॅमपर्यंत असेल तर तुमच्या कामाला काटा चांगला. तीन असेल तर चालवून घ्या, प्रत्येक छर्रा दोनदा तोलून. चारच्या वर गेलं आणि जागा, पंखा, बॅटरी सगळं ठीक असेल, तर काटा परत करा. परत करण्याची मुदत टळायच्या आत ही परीक्षा घ्या, हे मात्र नक्की. दहाही आकडे एकत्र, पण ०.५०० ऐवजी ०.५०४ च्या आसपास असतील, तर घाबरू नका. काटा स्थिर आहे, फक्त थोडा सरकलेला आहे, कॅलिब्रेट केल्यावर सुधारेल. स्थिर पण सरकलेला काटा सुधारता येतो. आज एक आणि उद्या दुसरं बोलणारा काटा सुधारत नाही.

तेच वजन मग पारड्याच्या चार कडांना ठेवून बघा. मधल्या आकड्यापेक्षा कडेला फार वेगळं येत असेल तर छर्रा रोज मधोमधच ठेवायची सवय लावा.

छर्रे तोलताना मी सराफांना सांगतो तीच पद्धत वापरा: आधी वजन, मग दहा छर्रे, मग पुन्हा वजन. दोन्ही वेळा वजनाचा आकडा एकच आला, तर मधले दहा खरे. मधल्या वेळात दोन-तीन मिलिग्रॅम सरकला असेल, तर ते दहा पुन्हा तोला. प्रयोगशाळेतही असंच तोलतात, महागड्या काट्यावरसुद्धा. छर्रा धातूच्या चिमट्यानं घट्ट धरू नका. शिसं मऊ असतं, मागची पातळ कड चेपते, आणि चेपलेल्या कडेनं वजनाच्या फरकाहून जास्त नुकसान होईल. वाटीतून वाटीत हलकेच घरंगळत सोडा. तोलून झालं की साबणानं हात धुवा. शिसं पोटात गेलं तर विषारी असतं, म्हणून तोलताना खाणंपिणं नको आणि लहान भावंडांना जवळ बसवू नका.

काट्यावर मोडचं बटण असतं, तेही बघून ठेवा. 'जी' म्हणजे ग्रॅम, 'जी एन' म्हणजे ग्रेन, 'सी टी' म्हणजे कॅरट, दोनशे मिलिग्रॅमचा. चुकून बटण दाबलं गेलं की आकडे भलतेच दिसतात. काडतुसं भरणार्‍यांत ग्रॅम-ग्रेनची गफलत जीव धोक्यात घालते. तुमच्याकडं नुसता गोंधळ होईल, पण पूर्ण डबा पुन्हा तोलावा लागेल.

आता पाच हजारांचं. ०.००१ चा भरवशाचा, दुसर्‍या वर्गाचा नवीन काटा बराच महाग पडतो, तो तुमच्या कामाला घेऊ नका. पाच हजारांत ऑनलाइन मिळणारे काटे आणि तुमचा बाराशेचा काटा यांत बहुतेक वेळा आतला लोडसेल, म्हणजे भार ओळखणारा भाग, एकाच जातीचा असतो, किंमत डब्याची आणि पडद्याची. म्हणून आधी दोन वजनं आणि चिमटा घ्या, जागा नीट करा, परीक्षा घ्या. काटा पास झाला तर उरलेले पैसे छर्‍यांना. नापास झाला तर दुसरा मार्ग सांगतो. ओळखीतला एखादा सोनार डिजिटल काट्यावर गेल्यावर त्याचा जुना काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा काटा माळ्यावर पडलेला असतो. दांडीच्या मधल्या धारेवर गंज नसेल आणि सुई दोन्ही बाजूंना सारखी झुलून मधोमध थांबत असेल, तर असा काटा एक-दोन मिलिग्रॅम सहज दाखवतो. त्याला लाइट लागत नाही, गरम व्हायला अर्धा तास लागत नाही. एका पारड्यात पाचशेचं वजन आणि वर थोडी मिलिग्रॅमची वजनं, दुसर्‍यात छर्रा. एकेक छर्रा तोलायला वेळ मात्र लागतो, पूर्ण डबा करायचा तर धीर हवा. विकत घेण्याआधी वडिलांची पद्धत वापरा, दोन्ही पारड्यांतला माल अदलाबदल करून बघा.

लातूरला येणं झालं तर काटा आणि दोन-चार छर्रे घेऊन दुकानावर या, माझ्या वजनांवर तपासून देतो, पैसे नकोत. तोपर्यंत काटा कडाप्प्यावर ठेवा, पंखा बंद करा, अर्धा तास चालू राहू द्या आणि तोच एक छर्रा दहा वेळा तोलून दहा आकडे मला कळवा. त्या दहा आकड्यांवरून बराचसा अंदाज मला इथूनच बांधता येईल.